पलीकडून उचललेला पूल

वारजे,
ता. ९ नोव्हेंबर १९७५

चि. संभाजीस दादांचा आणि आईचा आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीचं पत्र दिवाळी उलटल्यावर लिहितो आहे, त्याबद्दल रागावू नकोस. उशीर मी केला नाही, शेळीने केला. अर्धं लिहिलेलं पत्र ओसरीवर चष्म्याखाली ठेवून मी विहिरीवरची मोटार बंद करायला गेलो, तेवढ्यात तिने चष्मा बाजूला सारून पत्र खाल्लं. तुझी आई म्हणते, तुमची सगळी काळजी तिच्या पोटात गेली, आता तिचं दूध आटणार. शेळीचं दूध खरंच कमी झालं आहे. पण ते थंडीने असेल.

आता मुख्य गोष्ट. तुझ्यासाठी वाघोलीचं स्थळ आलं आहे. मुलगी श्यामला, मॅट्रिक झालेली. वडील मच्छिंद्रराव, त्यांची वीटभट्टी आहे. माणूस सचोटीचा, पण बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण कच्ची वीट आहोत. घर बघायला आले तेव्हा आधी विहिरीत डोकावले, मग ओसरीच्या भिंतीवर काठी वाजवून कान लावला. भिंत पक्की आहे म्हणाले. मी उगाच घाम पुसला.

मग त्यांनी विचारलं, मुलगा काय करतो. मी सांगितलं, रणगाडा चालवतो. ते एकदम ताठ बसले. चहा नको म्हणाले होते, तो घेतला. मग विचारलं, तोफ किती लांब आहे. आता मला काय ठाऊक? तू पत्रात हवापाणी सोडून काही लिहीत नाहीस. मी आपलं ओसरीपासून विहिरीपर्यंत हात दाखवला. नंतर लक्षात आलं की फार लांब झाली. पण तोवर त्यांनी मान डोलावली होती.

तर तोफेची खरी लांबी उलट टपाली कळव. आखूड असली तर जरा सांभाळून लिही, पत्र त्यांना दाखवावं लागेल. तू राहतोस ते छप्पन एपीओ कुठल्या तालुक्यात, असंही ते विचारत होते. गाव नाही, लष्कराचं टपाल आहे, एवढं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मुलाचा पत्ता बापालाही माहीत नाही.

मुलीचा फोटो सोबत आहे. पसंत असली तर कळव, नसली तरी आधी तोफेचं कळव.

तुझा,
दादा


मुक्काम लिहिता येत नाही,
ता. २४ नोव्हेंबर १९७५

ती. दादा आणि आई यांना संभाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

दादा, आधी बसून घ्या आणि मग वाचा. माझ्या गाडीला तोफ नाही.

मी खोटं कधी बोललो नाही. सुट्टीवर आलो की गावातले लोक तोफेबद्दल विचारतात, मी हसतो, आणि तेच आपल्या मनाने तोफ लावून घेतात. गाडी रणगाड्याचीच आहे. तेच पट्टे, तसंच जाड पोलाद. फक्त तोफेच्या जागी वर लोखंडी पूल आहे, मधोमध दुमडलेला. इकडे सगळीकडे कालवे. पुढे पाणी किंवा चर आला की बाकीचे रणगाडे अडतात, मग आम्हाला पुढे बोलावतात. मी गाडी काठाशी नेतो, पूल वर उठतो, उघडतो आणि पलीकडच्या काठावर टेकतो. आईने बशीत ओतलेला चहा निवायच्या आत काम झालेलं असतं. गाडीत आम्ही दोघंच. मी चालवतो, आणि हवालदार बजरंग हुकूम देतात. पूल टाकताना झाकणं बंद, सगळं आतूनच.

मग त्या पुलावरून सगळे जातात. शेवटी आम्ही आमच्याच पुलावरून पलीकडे जातो, तिकडून पूल उचलून पाठीवर घेतो आणि पुन्हा पुढे निघतो.

हे मच्छिंद्ररावांना जसंच्या तसं सांगा. फसवून लग्न नको. फोटो पसंत आहे. मुलगी फोटोत हसत नाही, पण हसू दाबलेलं आहे असं मला वाटतं. बजरंग हवालदारांनाही तसंच वाटतं.

शेळीला माझा नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
संभाजी


वारजे,
ता. १४ डिसेंबर १९७५

चि. संभाजीस दोघांचा आशीर्वाद, आणि वर थोडा राग.

तुझं पत्र वाचल्यापासून मला जेवण जात नाही. ज्याच्याकडे तोफ आहे तो मागे थांबतो, आणि ज्याच्याकडे काही नाही तो सगळ्यांच्या पुढे जातो, ही कुठली पद्धत? आपल्याकडे वरातीतसुद्धा बँडवाले पुढे असतात, पण त्यांच्या हातात काहीतरी असतं. तुझ्या साहेबांना विनंती कर की बाजूला कुठेतरी एक लहानशी तोफ जोडून द्या. पुलाला अडचण होणार नाही अशी. मी साहेबांना वेगळं लिहू का?

तुझ्या आईला मात्र आनंद झाला. ती म्हणाली, बरं झालं, पोरगं कुणाला मारत नाही, लोकांना वाट करून देतं. मी म्हटलं, समोरच्याला ते कसं कळणार? ती म्हणाली, तुम्ही त्यालाही पत्र लिहा.

तू सांगितलंस म्हणून एसटीने वाघोलीला गेलो. तोंडाने सांगताना माझा गोंधळ होईल म्हणून अडकित्ता बरोबर नेला. दोन बाजा जवळ ओढल्या, मध्ये फट ठेवली, आणि दाखवलं की अडकित्ता उघडावा तसा पूल उघडतो आणि फटीवर बसतो. वर सुपाऱ्या ठेवून त्या रणगाडे म्हणून पलीकडे सरकवल्या. मच्छिंद्ररावांनी एक सुपारी उचलून तोंडात टाकली आणि म्हणाले, म्हणजे मुलगा डोक्यावर ओझं घेऊन पुढे जातो, दुसरे त्याच्या ओझ्यावरून चालतात, आणि नंतर तेच ओझं उचलून हा त्यांच्या मागे जातो. त्यांच्या भट्टीवर हे काम करणारी माणसं आहेत, त्यांना ते हमाल म्हणतात.

मला वाईट वाटलं. पण खरी अडचण पुढे आहे. तू पलीकडून पूल उचलतोस, हे ऐकून त्यांनी चघळणं थांबवलं. मग विचारलं, पूल पलीकडून उचलून घेतला, तर मुलगा परत कसा येतो?

संभाजी, मी अडकित्ता उलटसुलट करून पाहिला. तेवढ्यात श्यामला चहा घेऊन आली. तिने माझ्या हातातून अडकित्ता घेतला, पलीकडच्या बाजेवर ठेवून इकडे उघडला आणि म्हणाली, असा येत असेल. बाप म्हणाला, असेल म्हणजे? बघितलं आहेस? ती म्हणाली, नाही. विषय तिथेच राहिला.

बिबवेवाडीचं एक स्थळ त्यांच्याकडे येऊन पडलं आहे. मुलगा दवाखान्यात कंपाउंडर. मच्छिंद्रराव दर वाक्याला सांगतात की तो रोज संध्याकाळी घरी येतो. लवकर काहीतरी लिही.

दादा


ता. ६ जानेवारी १९७६

ती. दादा आणि आई यांच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो.

साहेबांना तोफेबद्दल कृपा करून लिहू नका.

श्यामलाने दाखवलं ते अगदी बरोबर आहे. परत येताना पूल तिकडून इकडे टाकायचा. तो कुठल्याही काठावरून टाकता येतो. मला हे समजायला ट्रेनिंगचे पहिले काही दिवस लागले होते. तिला चहाचा ट्रे खाली ठेवण्याएवढा वेळ लागला, हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

आता चांगली बातमी. पुढच्या महिन्यात आमची गाडी प्रात्यक्षिकासाठी पुण्याला येते आहे. खडकीच्या पुढच्या मोकळ्या मैदानावर मोठा चर खणला आहे, त्यावर पूल टाकून दाखवायचा आहे. घरच्या माणसांना पास मिळतात. तुम्हा दोघांचे आणि वाघोलीच्या दोघांचे पास पाठवतो. आम्ही पूल टाकू, रणगाडे जातील, आम्ही पलीकडे जाऊन पूल उचलू, आणि मग तोच पूल पुन्हा टाकून अलीकडे येऊ. म्हणजे मच्छिंद्ररावांना ज्याची शंका आहे ते डोळ्यांनी दिसेल. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मला मोकळीक आहे. मी स्वतः येऊन त्यांना भेटतो.

दोरीच्या अलीकडे सावलीत बसा. एवढंच करायचं आहे.

आपला,
संभाजी


ता. २६ फेब्रुवारी १९७६

ती. दादांना नमस्कार. आईला वेगळा आणि जास्त नमस्कार.

दादा, तिथे काय झालं?

मी झाकण बंद करून आत होतो. पूल टाकला, मागे सरलो, आणि रणगाडे सोडा असा हुकूम येण्याऐवजी कानात एकदम थांबा थांबा सुरू झालं. मला फटीतून फक्त एक पांढरं धोतर पळताना दिसलं. हवालदार बजरंग म्हणाले, मैदानावर कुणी म्हातारा घुसला आहे. मी म्हटलं, असतात काही लोक. मग धोतराच्या मागे एक फेटा दिसला. त्या फेट्याच्या हातात काठी होती. तेव्हा पुढचं धोतर कुणाचं ते मला कळलं.

कार्यक्रम लांबला. इकडे परतीची मालगाडी ठरलेली होती. त्यामुळे पलीकडून पूल उचलल्यावर, पुन्हा टाकू नका, तसेच स्टेशनकडे चला, असा हुकूम आला. माझी संध्याकाळ गेली. तुम्ही चराच्या त्या बाजूला होता आणि मला हातसुद्धा करता आला नाही. इथे पोहोचल्यावर सगळे मला बघून हसतात आणि कारण सांगत नाहीत.

मच्छिंद्रराव काय म्हणाले? स्थळ राहिलं की गेलं? जे असेल ते लिहा, पण सगळं लिहा.

संभाजी


वारजे,
ता. ८ मार्च १९७६

चि. संभाजीस आशीर्वाद.

लिहायला वेळ लावला, कारण कुठून सुरुवात करावी ते सुचत नव्हतं. या वेळी शेळीचा काही संबंध नाही.

आम्ही दोरीच्या अलीकडे सावलीतच बसलो होतो. तुझी गाडी आली. धुरळा उडवत, डोक्यावर तो दुमडलेला पूल. मी आईला म्हटलं, आपला संभाजी आत आहे. ती म्हणाली, आत उकडत असेल. मग पूल उठला. उभा राहिला तेव्हा वाटलं, आता आपल्याच अंगावर येतो. पण तो उघडला आणि चरावर असा अलगद टेकला की आई म्हणाली, घरात पाण्याची घागर याने कधी एवढ्या हळू ठेवली नाही. मच्छिंद्ररावांचा पानाचा विडा हातातच राहिला होता.

आणि लगेच मागून रणगाडे निघाले.

आता तूच सांग. आपल्याकडे विहीर असो, बैलगाडी असो, साधा बांध असो, नारळ फोडल्याशिवाय पहिलं पाऊल कुणी टाकतं का? इथे एवढा पूल, त्यावरून एवढी माणसं जाणार, आणि ना कुणी नारळ फोडला, ना बोटभर कुंकू लावलं. मला वाटलं, घाईत विसरले. माझ्या पिशवीत नारळ होता. मच्छिंद्ररावांना द्यायला आणलेला. मी दोरीखालून गेलो.

आईने धोतर धरलं होतं, पण सुटलं.

मी हात वर करून रणगाड्यांना थांबा म्हटलं. ते थांबले. एवढं लोखंड माझ्या हाताने थांबेल असं मलाही वाटलं नव्हतं. पुलाच्या कडेला नारळ आपटला, पाणी शिंपडलं आणि तुझं नाव घेतलं. तेवढ्यात दोन जवानांनी दोन्ही दंड धरले. मला ओढून आणायला मच्छिंद्रराव मागे आले होते, असं ते आता सांगतात. पण पुलावर पाय पडल्यावर ते मला विसरले आणि काठीने लोखंड वाजवत, कान लावत पार मध्यापर्यंत गेले. त्यांना आणायला आणखी दोन जवान लागले.

मग मोठे साहेब आले. हिंदीत विचारू लागले. माझी हिंदी तुला माहीत आहे. मी बोललो ते ऐकून त्यांना वाटलं, मी भरपाई मागतो आहे. तेव्हा श्यामला दोरीजवळ आली आणि तिने शाळेतल्या हिंदीत सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, हा पूल नवा नाही, शेकडो वेळा टाकून झाला आहे. ती म्हणाली, पण या जमिनीवर तर आज पहिल्यांदाच टेकला आहे ना? साहेबांनी घड्याळ बघितलं, तिच्याकडे बघितलं, एक खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि रणगाडे सोडायला सांगितलं. आम्हा दोघांना मात्र सावलीत बसवलं आणि शेजारी एक जवान उभा केला.

रणगाडे गेले. पूल हललासुद्धा नाही. मच्छिंद्रराव म्हणाले, वाजतो चांगला. त्यांच्या तोंडून हे फार झालं. मी मनात साखरपुड्याला बसलोसुद्धा.

मग तू पलीकडे गेलास, पूल उचललास, आणि आम्ही वाट बघू लागलो. धुरळा खाली बसला. तुझी गाडी वळली आणि लांब लांब जाऊ लागली. लोक उठले, खुर्च्या उचलल्या, कर्णा उतरवला. मच्छिंद्रराव उठेनात. म्हणाले, मी परत येताना बघायला आलो आहे. आईने तुझ्यासाठी केलेल्या गुळाच्या पोळ्या शेवटी आम्ही चौघांनी चराच्या काठावर बसून खाल्ल्या. सगळं मैदान मोकळं झालं तेव्हा ते म्हणाले, मला जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं. गेला तो गेला.

माझ्या नारळानेच घोटाळा झाला हे मला तुझ्या पत्रातून कळलं. आई म्हणते, तिला तिथेच कळलं होतं, पण घास तोंडात असताना बोलू नये म्हणून ती गप्प बसली. वाघोलीहून अजून काही निरोप नाही. आला की लिहितो.

दादा


वाघोली,
ता. १३ मार्च १९७६

रा. रा. दत्तोबा यांना मच्छिंद्रचा रामराम.

आपण प्रकृतीने बरे आहात असं धरून चालतो, कारण रणगाडा अडवणाऱ्या माणसाला सर्दीपडसं काय करणार?

आपल्या मुलाचं काम पाहिलं. हमाल म्हटलो होतो, तो शब्द परत घेतो. आमच्या भट्टीवर एकही माणूस इतक्या बेताने विटांची थप्पी खाली ठेवत नाही. पूल ठणठणीत आहे. शंका पुलाबद्दल नव्हतीच. तो परत येतो का, एवढंच पाहायचं होतं, आणि तेवढंच पाहायला मिळालं नाही.

बिबवेवाडीला होकार कळवायला बसलो होतो. श्यामलाने दौत उचलून आत नेली. मी तिला समजावलं की हा पलीकडे गेला की परत यायची खात्री नाही. तर ती विचारते की पलीकडे बिऱ्हाडाला खोली मिळते का. मिळत असेल तर परत यायचं केव्हा ते दोघं मिळून ठरवू, असं तिचं म्हणणं. आमच्या घरात एवढं बोलणारी ती पहिलीच. तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला शिकवलं.

मी हट्टी आहे, पण आंधळा नाही. माझी एकच अट. मुलगा पाडव्यापर्यंत माझ्या दारात उभा राहावा. गाडी, पूल, नारळ काही नको. नुसता परत आलेला दिसला की त्याच दिवशी साखरपुडा करू. न आला तर कंपाउंडर आहेच, तो रोज संध्याकाळी घरी येतो.

आनंदीवहिनींच्या पोळ्या चांगल्या होत्या. त्यांना तसं सांगावं. आपल्यालाही नमस्कार, अंतर ठेवून.

मच्छिंद्र


वारजे,
ता. १५ मार्च १९७६

चि. संभाजीस अनेक आशीर्वाद.

मच्छिंद्ररावांचं पत्र काल आलं, ते मूळचंच सोबत पाठवतो आहे. नक्कल करत बसलो असतो तर आणखी एक दिवस गेला असता. पाडवा ३१ तारखेला आहे. हे पत्र तुला कधी मिळेल ते तुझ्या त्या छप्पन एपीओलाच ठाऊक, म्हणून पोस्टात स्वतः नेऊन टाकतो. पेटीत टाकल्यावर आत हात घालून बघता येत नाही, नाहीतर तेही केलं असतं.

रजा माग. साहेबांना खरं कारण सांग. नारळवाल्याचा मुलगा म्हणून सांगितलंस तर त्यांना आठवेल, पण त्याने काम होईल की बिघडेल हे तुझं तू ठरव. रजा थोडी मिळाली तरी चालेल. वाघोलीला दारात उभं राहायला किती वेळ लागतो? आधी तिकडे जा, मग घरी ये. आईची तक्रार नाही, तिला मी विचारलं. ती म्हणाली, आधी वाघोलीलाच जाऊ दे, पण जेवायला इकडे. खोलीचं काय ते विचारून ये. श्यामलाला सांगताना गोल गोल सांगू नकोस, तिला ते चालणार नाही.

आई म्हणते, आता तुमची काळजी मिटली, शांत बसा. मी बसलो आहे. तरी एक गोष्ट लिहितो. त्या दिवशी मैदानावर सगळे उठले तेव्हा मच्छिंद्रराव एकटेच बसून राहिले नव्हते. त्यांच्या शेजारी मीही बसलो होतो. धुरळ्यात तुझी गाडी दिसेनाशी झाल्यावरसुद्धा मी तिकडेच बघत होतो. ते परके, त्यामुळे तुला परत आलेला बघायचं आहे असं सरळ लिहू शकले. बापाला असं लिहिता येत नाही. म्हणून मी त्यांचंच पत्र पाठवलं आहे. ते दोघांचं समज.

निघताना तार करू नकोस. तार म्हटली की घरात सगळे घाबरतात, आणि आई ती उघडण्याआधीच रडायला बसते. साधं कार्ड टाक. येतो आहे, एवढंच पुरे. पण लवकर टाक.

तुझी वाट बघणारा,
दादा